मलमाची पंचेचाळीस मिनिटं

"पंचेचाळीस मिनिटं. हसायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, आणि शक्यतो बोलायचंही नाही," असं बजावून सिस्टरनं माझ्या तोंडभर पांढऱ्या मलमाचा जाड थर दिला. वरून उरलेली भाजी झाकायला वापरतात तसला पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवला. डोळे, नाकपुड्या आणि ओठ एवढंच उघडं ठेवलं. मग मला बाहेर आणून बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"काका, वेळ बघा हं. बधिर झालं की डॉक्टर आत घेतील."

बाबांनी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढे दर दोन मिनिटांनी ते घड्याळ बघत राहिले.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि विमानात हवाई सुंदरी व्हायचं एवढं एकच खूळ माझ्या डोक्यात होतं. आदल्या वर्षी मुंबईत शेवटच्या फेरीपर्यंत पोचले होते. तिथे एक बाई अगदी जवळ आल्या, माझी हनुवटी उजेडाकडे वळवली, गालावरचे खड्डे पाहिले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गोड हसून "थँक यू" म्हणाल्या. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. आता पाच आठवड्यांनी पुन्हा मुलाखत होती. तिच्यानंतर दोन महिन्यांनी मला सत्तावीस पूर्ण होणार होती आणि सत्तावीस पूर्ण झालेल्यांचा ते अर्जच घेत नव्हते. म्हणजे ही शेवटचीच खेप, आणि ती या चेहऱ्यावर अवलंबून होती.

सोळाव्या वर्षी मला मुरमं आली ती पुरती चार वर्षं मुक्कामाला राहिली. गेली तेव्हा गालांवर खड्डे आणि तपकिरी डाग ठेवून गेली. कॉलेजात मला 'चाळणी' म्हणायचे. मी पण हसून घ्यायचे आणि घरी येऊन आरशावर टॉवेल टाकायचे.

परतवाड्याला आमचं मेडिकल आहे. आमच्याकडे मेडिकलवाल्याला लोक डॉक्टरच म्हणतात. खऱ्या डॉक्टरकडे जायचं तर अर्धा दिवस मोडतो. बाबांकडे काउंटरवर कोपर टेकून दुखणं सांगितलं की औषध हातात. ताप, खोकला, खाज, पोरं-बाळं, सासवा, सगळ्यांचे 'भुयार डॉक्टर' म्हणजे माझे बाबा; भुयार हे आमचं आडनाव. मी बावीसची असताना त्यांनी मला एक ट्यूब आणून दिली. रात्री झोपताना लावायची. पंधरा दिवसांत डाग फिके पडले आणि महिन्याभरात बायका विचारायला लागल्या, हर्षदा, काय लावतेस वं? खोक्यावर बारीक अक्षरात छापलं होतं की चिठ्ठीशिवाय विकू नये. त्या मलमात स्टेरॉईड असतं हे बाबांना न वाचताही माहीत होतं. मलाही माहीत होतं. एक रात्र चुकली तरी दुसऱ्या दिवशी तोंड तापायचं, लालबुंद व्हायचं, पुळ्या उठायच्या. त्यावर मी शोधलेला उपाय सोपा होता. एकही रात्र चुकवायची नाही. अशी चार वर्षं गेली. डाग उजळले, खड्डे मात्र होते तिथेच होते, आणि खड्ड्यांसाठी लेझर लागतं असं कळल्यावर आम्ही अमरावतीला डॉ. राठींच्या दवाखान्यात आलो.

ती पहिली भेट या पंचेचाळीस मिनिटांच्या तीन आठवडे आधीची. डॉ. राठी पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. भिंगाचा दिवा माझ्या गालावर धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"या बारीक लाल शिरा कशाच्या?"

"ऊन," मी म्हणाले. "आमच्याकडे फार ऊन असतं."

"ऊन मलाही लागतं. कुठलं मलम लावता?"

त्यांच्या मागच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. गोरं करणाऱ्या मलमांनी बिघडलेले चेहरे, आणि खाली लिहिलेलं की असं मलम बंद केल्यावर चेहरा तीन-चार महिने फुलतो, घाबरू नका, धीर धरा. मी मनातल्या मनात हिशेब केला. धीर धरायला माझ्याकडे दोन महिनेही नव्हते.

"काही नाही," मी म्हणाले.

डॉक्टर बाबांकडे वळल्या. "तुमचं तर मेडिकल आहे. तुम्हाला ठाऊक असेल."

बाबा त्या तक्त्याकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले. "काही लावत नाही ती."

माझा जीव भांड्यात पडला. मी माझ्यासाठी खोटं बोलले होते. बाबा दुकानाच्या परवान्यासाठी बोलले असतील, असं मी धरून चालले. दोघांचं खोटं एकमेकांना पुरत होतं, मग काय.

डॉक्टरांनी दोन लेझर समजावून सांगितले. एक हळूहळू काम करणारा. डागांवर चांगला, दर तीन-चार आठवड्यांनी एक बैठक, अशा सात-आठ. दुसरा खोल जाणारा. तो कातडीला बारीक बारीक भोकं पाडतो, आठवडाभर तोंडावर खपल्या राहतात, पण खड्डे भरून येतात.

"तुमचा रंग सावळा आहे. सावळ्या कातडीवर खोल लेझर केला आणि कातडी नाजूक असली, तर भाजल्यासारखे काळे चट्टे पडतात. ते वर्ष-वर्ष जात नाहीत. माझं मत विचाराल तर पहिला घ्या."

"मला दुसरा हवा आहे," मी म्हणाले.

"घाई कशाची?"

मी मुलाखतीचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी कानासमोर मसुराच्या डाळीएवढ्या जागेवर चाचणी करायची, दोन आठवडे वाट बघायची, डाग पडला नाही तरच पुढे जायचं, असं ठरलं. "आणि त्या जागेवर मी दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावायचं नाही," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी खपली पडली आणि खाली काळाकुट्ट ठिपका दिसला. दारामागे उभी राहून मी तो आरशात पाहिला.  आणि मग मी जे केलं ते मला आजही सांगायला जड जातं. आमचीच ट्यूब मी त्या ठिपक्यावर सकाळ-संध्याकाळ लावायला लागले. दहा दिवसांत ठिपका पुसल्यासारखा झाला.

मलम लावण्याआधी, त्या सकाळी डॉ. राठींनी भिंगातून ती जागा पाहिली आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "छान. मला वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग एक फॉर्म पुढे आला. गेल्या सहा महिन्यांत चेहऱ्यावर कोणतं औषध लावलं आहे का, या प्रश्नापुढे मी 'नाही'वर खूण केली आणि सही केली. खाली सोबतच्या माणसाची सही लागत होती. डॉक्टरांचं कसलंही अक्षर वाचणारे माझे बाबा तो छापील फॉर्म तीन वेळा वाचत होते. मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सही केली आणि पेनाचं टोपण लावायचं विसरले.

अशा रीतीनं आम्ही दोघं त्या खुर्च्यांवर बसलो होतो. माझे गाल हळूहळू जड होत होते.

साडेअकराच्या सुमारास दार उघडून एक बाई आत आल्या. सोबत सतरा-अठराची मुलगी, ओढणीनं नाकापर्यंत तोंड झाकलेली. बाईंनी चप्पल काढता काढता बाबांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई, डॉक्टर, तुम्ही इथं?"

बाबा उठून उभे राहिले. "तायडेताई. बसा ना."

तायडेताई आमच्या गिऱ्हाईक, चांदूर बाजारच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मलम नि प्लास्टिकच्या आत मी कोण हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

"ही माझी पोरगी, हर्षदा," बाबा म्हणाले.

"हर्षदा? तिले काय झालं? तिचा चेहरा तर एवढा चांगला हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या योगिताचं पाहा बापा. तुमची ते ट्यूब संपली होती, आठ दिवस येणं झालं नाही दुकानात, तर पोरीच्या तोंडाची नुस्ती आग-आग. रातभर ओला फडका ठेवून बसते. दाखव वं डॉक्टरले."

योगितानं ओढणी खाली केली. तिचे दोन्ही गाल सुजून लाल झाले होते, त्यावर पिवळ्या तोंडाच्या पुळ्या. ती बाबांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या प्लास्टिककडे.

"मागच्या खेपेला इथल्या मॅडमनं लई खोदून इचारलं, कोनं देली ट्यूब म्हून," तायडेताई म्हणाल्या. "म्या नाही सांगितलं. म्हटलं जत्रेतून आनली. तुमचं नाव कशाले घेईन मी? अर्ध्या रातीले औषध देनारा मानूस. तुम्ही काही जीवाले लावून घेऊ नका."

 सिस्टरनं त्या दोघींना आतल्या बाजूला वजन करायला नेलं. बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. 

मला त्यांची दया यायला हवी होती. मला भीती वाटली. हा माणूस आता काहीतरी बोलून बसणार, असं मला स्वच्छ दिसत होतं.

"बाबा," मी बधिर ओठांनी म्हणाले, "बोलू नका."

"ऐक, हर्षदा. आपण तो पहिला घेऊ. हळू होणारा."

"काय उपयोग? पाच आठवडे आहेत."

"तुह्या कातडीत काही राहिलं नाही वं. मले माहीत हाय ना. त्या योगिताची पाहिली नं तू? तुही तशीच हाय, फक्त तू रोज लावून राहिली म्हणून दिसत नाही."

"चाचणी चांगली आली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कशी चांगली आली, ते बी माहीत हाय मले. ट्यूब मी मोजून नाही ठेवत, पण मी काही आंधळा नाही."

ते सगळं ओळखून होते. तरीही त्यांनी सही केली होती. मला ओठ धड हलवता येत नव्हते, पण जे म्हणायचं ते मी म्हटलंच. "तुम्ही आत काही बोललात, तर मी तुम्हाला जन्मात बाबा म्हणणार नाही."

 अकरा पंचावन्नला सिस्टर आली.

आतल्या खोलीत थंडगार होतं. प्लास्टिक निघालं, मलम पुसलं, गार द्रावाचा बोळा फिरला. मी हाताच्या नखानं गालाला टोचून पाहिलं. काही लागलं नाही. माझ्या डोळ्यांवर धातूच्या वाट्या बसवल्या आणि जग काळं झालं. मशीनची घरघर सुरू झाली. मग मशीन तपासल्याचा टुक, टुक असा आवाज.

"उजव्या गालापासून सुरू करते," डॉ. राठींचा आवाज अगदी कानाशी होता. "थोडा जळका वास येईल. हलायचं नाही."

मी मुठी आवळल्या. मनात मुंबईची ती बाई होती, उजेडाकडे हनुवटी वळवणारी. बघ म्हणावं आता.

दार वाजलं.

"काका, आत येऊ नका, चष्मा नाही तुम्हाला," सिस्टर म्हणाली.

"मॅडम, थांबा."

"काय झालं?"

"ती ट्यूब लावते. चार वर्षांपासून. मी देतो."

मी डोळ्यांवरच्या वाट्या ओढून काढल्या. बाबा दारात उभे होते. त्यांच्या मागे वजनकाट्याजवळ तायडेताई आणि योगिता, सगळं ऐकत. दार उघडं होतं आणि बाबा हळू बोलत नव्हते.

"चाचणीच्या जागेवर बी तिनं तीच लावली. मले दिसत होतं, मी बोललो नाही. आणि मॅडम, या योगिताले जत्रेतून नाही आणली कोणी. तिले बी मीच देली."

डॉ. राठींनी पायाखालच्या बटनावरून पाय काढला आणि मशीन बंद केलं. त्या माझ्याकडे वळल्या. 

"हे मी तुमच्या गालावर मारलं असतं, तर काय झालं असतं कळतं का तुम्हाला? आयुष्यभर मला तोंड लपवावं लागलं असतं. तुम्हाला तर लागलंच असतं." मग बाबांना म्हणाल्या, "तुमच्याशी काय बोलू मी?"

"बोलू नका," बाबा म्हणाले. "मी ऐकायले उभा हाय."

 तायडेताईंनी योगिताच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली आणि तिला घेऊन लांबच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. 'डॉक्टर' म्हणून त्यांनी बाबांना पुन्हा हाक मारली नाही.

परतवाड्याच्या एसटीत माझा चेहरा अजून बधिर होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मला मानेवर आल्यावर कळायचं. आसेगावच्या पुढे मी एकदाच बोलले.

"तुमचं मन मोकळं झालं. माझं काय?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. 

बाबांनी मला ट्यूब देणं त्याच दिवशी बंद केलं. आठवड्याभरात माझं तोंड असं उसळलं की आई ताट वाढताना माझ्याकडे बघायचं टाळायला लागली. मुलाखतीच्या दिवशी मी खोलीत पडून होते, गालांवर ओला फडका. त्या दिवशी मी बाबांचा खरोखर द्वेष केला. जेवायला त्यांच्यासमोर बसायचं मी सोडून दिलं होतं आणि 'बाबा' अशी हाक तर मारतच नव्हते. बोलले होते तसं करून दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"मी तो माल काढून टाकला दुकानातून," ते म्हणाले. "रोज पाच-सहा जणी येतात. मी सांगतो, बाई, बंद करा, चेहरा खराब होते. त्या ऐकत नाहीत. समोरच्या मेडिकलमध्ये जातात."

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"काऊन ऐकत नाहीत, ते तुले सांगायले आलो." ते थांबले. "चार वर्षं मी त्यांना काय सांगत होतो माहीत हाय? म्हणायचो, भिऊ नका, माही पोरगीच लावते. तू दुकानात डबा घेऊन आली, की बोट दाखवायचो. पाहा, कसा चेहरा झाला. तुह्या चेहऱ्यावर मी ती ट्यूब विकली, हर्षदा. तायडेताईले बी असंच बोट दाखवून देली होती. आता कोणत्या तोंडानं सांगू की खराब हाय? त्या म्हणतात, तुमच्या पोरीचं तर काही बिघडलं नाही."

आता मला कळलं की पहिल्या भेटीत त्या तक्त्याकडे बघत ते खोटं का बोलले. परवान्याचा प्रश्नच नव्हता. भिंतीवरच्या प्रत्येक चेहऱ्यात त्यांना आपलं गिऱ्हाईक दिसत असणार आणि ते कबूल करवत नसणार.

"मग?" मी विचारलं.

"दुकानात येऊन बसशीन काय? तासभर. माह्या बाजूला." ते उंबऱ्यातच थांबले. "नाही म्हटलं तरी चालते. तुले नाही म्हणायचा हक्क हाय. मी दुसऱ्यांदा तुहा चेहरा मागून राहिलो."

मी नाही म्हणाले. ते गेले. मी तासभर छताकडे बघत पडले. मग उठले, तोंडाला रुमाल गुंडाळला आणि चालत दुकानात गेले. बाबांवरचा राग गेला नव्हता. खरं सांगायचं तर तो जायला पुढे दोन वर्षं लागली. पण योगिता माझ्या प्लास्टिककडे कशी बघत होती, ते मला विसरता येत नव्हतं.

बाबांनी स्टूल पुढे ओढलं. मी बसले. दहा मिनिटांत एक बाई आली, चाळिशीची, हातात पिशवी. मी तिला ओळखत नव्हते.

"डॉक्टर, ते डागाची ट्यूब द्या. पोरीले पाहायले येऊन राहिले रविवारी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते काउंटरपासून एक पाऊल मागे सरले.

मी रुमालाची गाठ सोडली. दुकानात दुपारचा लख्ख उजेड होता आणि गालांवर वारा लागताच आग भडकली. बाई काउंटरवर वाकली. मी मान खाली घातली नाही. हनुवटी वर धरली आणि तिला पाहू दिलं, हवं तितका वेळ.

"तेच ट्यूब?" तिनं विचारलं.

"चार वर्षं लावली," मी म्हणाले.

तिनं हात पुढे केला. मला वाटलं ती गालाला लावणार. पण हात मध्येच थांबला आणि माझ्या मनगटावर येऊन टेकला.

"दुखते काय वं, माय?"

सोळाव्या वर्षापासून माझ्या चेहऱ्याबद्दल लोकांनी मला शंभर गोष्टी विचारल्या होत्या. ही कोणी विचारली नव्हती.

"हो," मी म्हणाले. "खूप दुखते." आणि मागे वळून हाक मारली, "बाबा, पाणी द्या जरा."